मातीतले जिवाणू मित्रबुरशीला रोखतात का? तपासण्याची रीत

बिव्हेरिया आणि मेटारायझियम या मित्रबुरशी किडीच्या अंगावर रुजून तिला मारतात. पण त्यांचे बीजाणू जिवंत मातीत बरेचदा रुजत नाहीत. तीच माती निर्जंतुक केली की रुजतात. या अडथळ्यात जिवाणूंचा मोठा वाटा असतो. कोणता जिवाणू किती अडवतो, हे साध्या प्रयोगशाळेत तपासता येते.

मुळांजवळची ५ ते १० सेंमी खोलीवरची माती घ्या. १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक पाण्यात ढवळा. त्यातले १ मिली पुढच्या ९ मिलीत, असे पाच वेळा पातळ करा. शेवटच्या नळ्यांतले थेंब न्यूट्रिएंट आगरवर (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) पसरा. दोन दिवसांत जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, दिसतील. वेगवेगळ्या रंगरूपाच्या निवडून शुद्ध करा.

आता पेट्रीडिशच्या मधोमध बुरशीचा ५ मिमी तुकडा ठेवा आणि ३ सेंमीवर जिवाणूची रेघ ओढा. तुलनेसाठी एक डिश जिवाणूविना ठेवा. बुरशी वाढवण्याचे नेहमीचे माध्यम, बटाटा-डेक्स्ट्रोज आगर, आम्लधर्मी असते, त्यावर कित्येक जिवाणू नीट वाढत नाहीत आणि उगाच निरुपद्रवी ठरतात. म्हणून त्याचा सामू (pH) ७ च्या आसपास आणा. डिश २५ अंश सेल्सिअसला ठेवून आठवडाभर बुरशीची त्रिज्या मोजा. दोन्ही डिशमधल्या त्रिज्यांच्या फरकाला तुलनेच्या त्रिज्येने भागून १०० ने गुणले की रोधाची टक्केवारी मिळते.

बुरशी आणि जिवाणूची रेघ यांच्यामधे मोकळी पट्टी दिसली म्हणजे बुरशी मेली, असे मात्र धरू नका. थबकलेल्या कडेचा तुकडा ताज्या माध्यमावर ठेवा. वाढला, तर ती फक्त थांबली होती. कारणेही निरनिराळी असतात: बॅसिलस हा जिवाणू बुरशीरोधक द्रव्ये सोडतो, स्युडोमोनास हा जिवाणू लोह बळकावतो. माध्यमात लोह मिसळल्यावर पट्टी नाहीशी झाली, तर भांडण लोहावरूनच होते.

डिशमध्ये अन्न मुबलक असते, मातीत त्याची टंचाई. त्यामुळे खरी परीक्षा मातीतच. नैसर्गिक, निर्जंतुक आणि निर्जंतुक करून जिवाणू मिसळलेली, अशा तिन्ही मातींत सारखेच बीजाणू मिसळून निरोगी अळ्या सोडा. बीजाणू न मिसळलेल्या मातीतही काही अळ्या ठेवा. मेलेल्या अळ्या ओलसर कागदावर ठेवल्या की बिव्हेरिया पांढरी, तर मेटारायझियम हिरवी दिसते. जिवाणूंच्या मातीतही अळ्या तितक्याच मेल्या, तर डिशमधल्या पट्टीची काळजी सोडून द्या: सुप्त बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटून रुजले आहेत.