अंधारात उजळणारे दगड: नाशिकात राहून संग्रह कसा जमवावा

नाशिककरांना गारगोट्यांचं फारसं अप्रूप नसतं. विहिरीची खोदाई असो की खडीची खाण, सुरुंग उडाला की काळ्या पाषाणात एखादी पोकळी उघडते आणि आत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक दाटीवाटीने बसलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात बुडबुडे अडकले आणि पुढे त्यांत झिरपणाऱ्या गरम पाण्याने ही खनिजं आणून बसवली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे अव्वल नमुने आहेत. काहीही गोळा करायच्या आधी तिथे एक चक्कर मारा, म्हणजे स्टिल्बाइट कोणता आणि अपोफिलाइट कोणता हे नजरेत बसेल.

काही खनिजं अतिनील (अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही) उजेड पडला की अंधारात स्वतःच्या रंगाने उजळतात, आणि आपल्याला जमवायची आहेत ती तीच. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातले बहुतेक देखणे दगड अतिनील दिव्याखाली मख्ख बसून राहतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांच्याकडून फार आशा ठेवू नका. आपल्याकडे उजळण्याची खरी शक्यता असते ती कॅल्साइट या चुन्याच्या खनिजात. त्यामुळे सुरुवात दगडापासून न करता दिव्यापासून करा.

दिवा कोणता घ्यायचा

नोटा तपासायची स्वस्त टॉर्च बहुतेक वेळा ३९५ नॅनोमीटरची असते (हा आकडा म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी). तिचा जांभळा उजेडच इतका असतो की दगडाची मंद चमक त्यात बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरची आणि पुढे काळसर फिल्टरकाच असलेली टॉर्च घ्या. सुरुवातीला तेवढी पुरते. पुढे नाद लागलाच तर २५४ नॅनोमीटरचा लघुलहरी दिवा घ्यावा लागतो, कारण बरीच खनिजं त्याच्याखालीच बोलतात. नाशिकच्या खाणींतला पॉवेलाइट हे दुर्मीळ खनिज जगभरचे संग्राहक शोधत असतात, आणि तोही लघुलहरी दिव्याखालीच पिवळाधमक उजळतो. तो सहज सापडेल अशी आशा मात्र धरू नका.

वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही नळीही २५४ चीच असते. ती काढून उघडी लावायचा जुगाड अनेकांना सुचतो. तो करू नका. डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात, आणि ते कळतं काही तासांनी. दिवा कुठलाही असो, अतिनील किरण अडवणारा पॉलीकार्बोनेटचा गॉगल लावा आणि दिव्याकडे थेट बघू नका.

दगड कुठून आणायचे

खाणीत मालकाची किंवा मुकादमाची परवानगी घेऊनच पाय ठेवा. सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या आणि उभ्या कड्याखाली रेंगाळू नका. टाकाऊ दगडांचा ढीग सगळ्यात उपयोगी. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथे छिन्नी-हातोडी काढूच नका. वनखात्याच्या जमिनीवरही तेच.

रात्री टॉर्च घेऊन माळावर हिंडण्याचा मोह होतो. तेव्हा हिरवट निळं काहीतरी लखलखताना दिसलं तर हात घालू नका. विंचू अतिनील उजेडात असाच चमकतो. मी स्वतः दिवसा दगड वेचतो आणि घरी आणून तपासतो.

तपासायचं कसं

खोली पूर्ण अंधारी करा आणि दहा मिनिटं नुसते बसून राहा. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर मंद चमक दिसत नाही. मी पहिल्यांदा गोधडी डोक्यावरून ओढून बसलो होतो. टॉर्च लावली तर दगडापेक्षा गोधडीच निळी झगमगायला लागली. कपडे धुण्याच्या पावडरीत उजाळा देणारी रसायनं असतात, त्यांचा तो प्रताप. त्याच पावडरीने घासलेला एक कॅल्साइटही मला आठवडाभर ‘दुर्मीळ’ वाटत होता. साध्या पाण्याने तीनदा खळबळल्यावर त्याची दुर्मीळता मोरीत वाहून गेली.

तेव्हा सगळीकडून सारखी निळी-पांढरी चमक आली की आधी धूळ, कापसाचे तंतू, साबण यांच्यावर संशय घ्या. विकत घेतलेल्या नमुन्यात चमकणारी बारीक रेघ दिसली तर तो बहुधा गोंद असतो, म्हणजे तुटलेला स्फटिक चिकटवलेला. टॉर्च दुकानात घेऊन जाण्याचा हा मोठा फायदा. दुकानदाराचा चेहरा बघायला मिळतो तो वेगळाच.

खरी चमक दगडाच्या आतून येते. कॅल्साइटमध्ये ती पांढुरकी, पिवळसर, कधी गुलाबी-नारिंगी असते. डोळे मिटून दिवा दगडावर धरा, दिवा बंद करा आणि त्याच क्षणी डोळे उघडा. काही कॅल्साइट दिवा गेल्यावरही क्षणभर उजळत राहतात. एकाच पोकळीतले दोन दगड वेगळे वागले तरी बुचकळ्यात पडू नका. मॅंगनीजसारख्या मूलद्रव्याचा अंश उजेड देतो आणि लोह तो मारतो. आपल्या पाषाणात लोहाला तोटा नाही.

रंग वाढवायचे असतील तर थोडं विकत घ्यावं लागतं. कर्नाटकातला कच्चा माणिक ३६५ च्या टॉर्चखाली क्रोमियममुळे निखाऱ्यासारखा लाल होतो आणि घासाघीस करून परवडतोही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचा लाल कॅल्साइट आणि हिरवा विलेमाइट एकाच तुकड्यात येतात. तो घ्यायचा तर लघुलहरी दिवा हवाच.

धुणं आणि चिठ्ठी

मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, बस्स. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर कॅल्साइटला खातात. अपोफिलाइट गरम पाण्यात टाकू नका, त्याच्या घडणीतच पाणी असतं आणि तो तडकतो. दगड आणला त्याच दिवशी गाव, खाण, तारीख आणि कोणत्या दिव्याखाली कोणता रंग दिसला हे लिहून ठेवा. माझ्याकडे डबाभर दगड असे आहेत की ते सिन्नरचे की दिंडोरीचे हे आता देवालाच ठाऊक. चिठ्ठीचा पांढरा कागदही चमकतो, म्हणून ती दगडाखाली दडवा.

मांडणी

प्लायवूडचं खोकं घ्या आणि आतून बिनचमकीचा काळा रंग द्या. मखमल टाळा, तिच्यावर चिकटलेला प्रत्येक तंतू चांदणीसारखा दिसतो. दिवा आत, दगडांच्या वर आणि नजरेआड बसवा आणि पुढे साधी काच लावा. साध्या काचेतून लघुलहरी किरण बाहेर येत नाहीत, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे सुरक्षित राहतात. दार उघडलं की दिवा आपोआप बंद होईल असा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. ३६५ चा उजेड मात्र काचेतून बऱ्यापैकी बाहेर येतो.

पाहुण्यांना दगड आधी साध्या उजेडात दाखवा, मग खोलीतले दिवे घालवा. आणि पांढरा शर्ट घालून आलेल्याला मागे उभं करा, नाहीतर सगळे त्यालाच बघत बसतात.