टवका किती मोठा, त्याआधी कुठे गेलाय ते बघा

जुनी बाटली हातात आली की अंगठ्याचं नख तोंडाच्या कडेवरून सावकाश पूर्ण फिरवायचं. आधी बाहेरून, मग आतून. नख अडकलं की तिथे टवका आहे. गडद हिरव्या काचेत डोळा सहज फसतो, नख सहसा फसत नाही.

आमचा वेंगुर्ल्याला गोटी सोड्याचा कारखाना होता. वडिलांनी तो बंद केला आणि बाटल्यांचे लाकडी खोके पडवीत पडून राहिले. पुढे बाटल्या जमवणारे लोक विचारत यायला लागले. आता मी इतरांकडूनही बाटल्या घेते, विकते. भंगारवाला नेहमी एकच पालुपद लावतो, "बाय, जरासो टवको गेलो हा, बाकी बाटली खणखणीत आसा." माझा प्रश्न ठरलेला, टवका गेला कुठला?

बुडाच्या कडेला नखाएवढा गेला असेल तर बाटली फळीवर ठेवल्यावर तो दिसतही नाही. मी थोडेच पैसे कमी करते. तेवढाच टवका ओठाला असेल तर साधी बाटली निम्म्यावर येते. आणि तो उठावाच्या अक्षरांवर असेल, कारखान्याच्या नावातलं एखादं अक्षरच उडालं असेल, तर घेणारा बाटली पुन्हा खाली ठेवतो. लोक पैसे मोजतात ते त्या नावाचेच.

तडा हे वेगळं प्रकरण. टवका जिथे आहे तिथेच राहतो, तडा पुढे सरकतो. उन्हातून आणून गार पाण्यात घातली की केसाएवढी चीर बोटभर होते. ती शोधायला बाटली कोरडी करून उजेडासमोर धरा आणि हळूहळू फिरवत राहा. एका ठरावीक कोनात चीर चमकून जाते. साच्याची रेघ अशी चमकत नाही, ती बोटाला उंच लागते. काचेत अडकलेल्या खड्याभोवती बारीक चिरा आहेत का तेही बघा. नुसता खडा चालतो, त्याला पाय फुटले असतील तर घेऊ नका.

आता गोटीची बाटली. हिरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतला गॅस गोटीला वर, तोंडातल्या रबरी वायसरवर दाबून धरतो आणि बाटली बंद राहते. गोटी आत टाकून मग तोंड अरुंद करायचे, त्यामुळे तोंड फोडल्याशिवाय ती निघत नाही. मुलांनी गोट्यांसाठी किती बाटल्या फोडल्या असतील याचा हिशेब नाही! म्हणून गोटी नाही आणि तोंड मात्र गुळगुळीत, अशी बाटली दिसली की संशय घ्या. तोंडाच्या आत वायसर बसायची खाच असते, ती बोटाने चाचपा. खाच नसेल तर फुटलेलं तोंड घासून सपाट केलंय. वायसर वाळून गेलेला असेल तर ते नुकसान धरत नाहीत. बाटल्या वर्षानुवर्षं एकमेकींवर घासून पोटाला पांढुरका पट्टा पडतो, त्याचेही मी फार पैसे कापत नाही. वापरातली बाटली म्हटल्यावर तो असणारच.

आतून धुरकट झालेली काच ही आपल्या दमट हवेची आणि मातीत पुरलेल्या बाटल्यांची मोठी अडचण. पाणी काचेतले क्षार ओढून घेतं आणि पृष्ठभागच बिघडतो. हा मळ नव्हे, त्यामुळे धुऊन जात नाही. काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवतात, की धूर गायब! तेव्हा बाटली हुंगा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि मगच भाव बोला. ओल्या बाटलीची किंमत कधीच करू नये.

जांभ्याच्या मातीचे तांबडे डाग मात्र बहुतेक वेळा निघतात. सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य पाण्यात भिजत ठेवा. जाळ्यात आलेल्या बाटलीवरचे शिंपल्यांचे चुनकट थर व्हिनेगरने मऊ पडतात. आधी ती गोड्या पाण्यात बरेच दिवस ठेवा, पाणी बदलत राहा. आत मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलवा. वाळू किंवा राख अजिबात नको, चरे पडतात. रेतीने घासून दुधाळ झालेली बाटली खिडकीत छान दिसते, पण जमवणारा तिला खराबच म्हणतो. यंत्रात घालून चकचकीत करून मिळते, पण अक्षरांच्या कडा बोथट होतात. असं केलं असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं.

काचेतले बुडबुडे, वाकडा ओठ, बाटली धरायला बुडाला चिकटवलेली दांडी तोडल्याचा खरबरीत व्रण ही सगळी हाताने काम केल्याची खूण. त्यासाठी कोणी भाव पाडायला लागला तर ऐकू नका. आमच्याकडे डचांची वखार होती, म्हणून गावात जिन दारूची प्रत्येक चौकोनी बाटली 'डचांची' म्हणून पुढे येते. जुनेपणाच्या अशा दाव्यावर तडा माफ करू नका.

माफी मिळते ती दुर्मीळ बाटलीला. बुडाला 'डॅन रायलंड्स, बार्न्सली' असं विलायतेतल्या बाटल्या बनवणाऱ्याचं नाव असलेली बाटली फुटकी असेल तर थांबा, दुसरी मिळेल. पण कोकणातल्या एखाद्या बंद पडलेल्या छोट्या सोडा कारखान्याचं नाव असेल तर ओठ नसला तरी मी घेते. कदाचित दुसरी सापडणारच नाही. ती चिकटवू नका, रेझिनने भरूही नका. अतिनील टॉर्चखाली रेझिन बहुधा काचेपेक्षा वेगळं चमकतं, आणि एकदा तसं सापडलं की गिऱ्हाईक तुमच्या उरलेल्या बाटल्यांवरही विश्वास ठेवत नाही.

विकताना फोटो नुकसानीचाच आधी काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. खाली एवढंच लिहा: 'ओठाला आतून टवका, तडा नाही, आत हलका धूर, गोटी मूळची.' बाटली शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल आणि गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर पार्सल करायच्या आधी पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याची चौकशी करा. पुरातन ठरलेली वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही.