डिस्चार्ज मिळाला, पण घर नाही: बेघर रुग्णाला मदत करताना या चुका टाळा

‘आराम करा, जखम कोरडी ठेवा, आठ दिवसांनी ओपीडीत या.’ डिस्चार्ज कार्डावरच्या या सूचना पुलाखाली झोपणाऱ्या माणसाने पाळायच्या कशा? तोच माणूस पू झालेला पाय घेऊन पुन्हा कॅज्युअल्टीत आला की त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसतो. हे मला पटत नाही. बहुतेक वेळा चूक मदत करणाऱ्यांच्या तयारीत असते.

डिस्चार्जच्या दिवशी निवारा शोधणे

रुग्ण वॉर्डात असतानाच रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना (रुग्णांच्या सामाजिक अडचणी बघणारे अधिकारी) भेटा. निवारागृहाला फोन करून नेमकं विचारा: लघवीची नळी लावलेला, कुबड्यांवरचा माणूस घेता का? दिवसा पडून राहू देता का? संडास त्याच मजल्यावर आहे का? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो बारमाही, चोवीस तास चालणारा हवा. सकाळी बाहेर काढत असतील तर पालिकेला तसं लेखी कळवा. जागाच मिळाली नाही तर ‘राहायला जागा नाही’ ही नोंद केसपेपरवर करून घ्या आणि डिस्चार्ज पुढे ढकलण्याची विनंती करा.

गोळ्या हातात दिल्या की काम झालं असं समजणे

औषधं का सुटतात, हे रागावून कळत नाही, विचारून कळतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना बऱ्याचदा लघवी वाढवणारी गोळी असते. रस्त्यावर राहणाऱ्या बाईला रात्री शौचालय बंद आणि दिवसा पैसे द्यावे लागतात, म्हणून ती गोळी टाळते. अशा वेळी गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. डायबेटिसमध्ये इन्सुलिन घेतलं आणि जेवण मिळालंच नाही, तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून लंगर किंवा अन्नछत्राची वेळ आधी सांगा, डोस त्यानुसार बसवून घ्या. इन्सुलिनची उघडलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, पण मे महिन्यातल्या फूटपाथवर नाही. जवळच्या केमिस्टला फ्रिजमध्ये ठेवायची विनंती करा. सिरिंज सापडली की पोलीस गर्दुल्ला समजतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी कायम सोबत हवी.

टीबीत तर जास्तच सांभाळावं लागतं. साध्या टीबीचा कोर्सही किमान सहा महिन्यांचा असतो. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबत नसतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, विशेषतः दारू पिणाऱ्याच्या बाबतीत. मध्ये खंड पडला असेल तर मनाने पुन्हा सुरू करू नका. किती दिवस चुकले ते टीबीच्या उपचार केंद्रावर खरं सांगा. गाव किंवा पालिकेचा वॉर्ड बदलला तर निक्षय क्रमांकावरून (टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) उपचार तिथे वर्ग करता येतात. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. खातं नसेल तर ते उघडण्याचं काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्या.

कागद फक्त रुग्णाजवळ ठेवणे

पालिकेची गाडी येते, गाठोडं उचलून नेते आणि कार्ड, एक्स-रे, गोळ्या सगळं जातं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये, एक झेरॉक्स निवाऱ्यात, एक त्याच्या विश्वासातल्या चहावाल्याकडे ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कमरेला.

मानसिक आजार असलेल्याला ‘कार्ड आणा’ म्हणून परत पाठवू देणे

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ नुसार बेघर व्यक्तीला सरकारी सेवेत हे उपचार मोफत मिळायला हवेत; दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. कलमाचा क्रमांक सांगून बोला, फरक पडतो.

फॉलोअपला आला नाही की नाव सोडून देणे

आधी नेहमीच्या जागी शेजारी झोपणाऱ्यांना विचारा. मग स्टेशनवरच्या हमालांना, रेल्वे पोलिसांना. मुंबईत चेंबूरच्या भिक्षेकरी गृहातही चौकशी करा. भीक मागणाऱ्यांच्या धरपकडीत आजारी माणसंही तिथे पोचतात. सापडला तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि पुढची ओपीडीची तारीख लिहून घ्यायला लावा.