कॉलेजच्या टीमचा फुटबॉल कोच व्हायचंय? आधी एक वही घे

दर वर्षी शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली की एखादा तरी पोरगा येऊन विचारतो, "सर, मला कोच व्हायचंय, काय करू?" बेळगावात कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवत माझी चोवीस वर्षं गेली. त्या पोरांना बसवून जे सांगतो, तेच इथं लिहितो.

आधी कागद. कॉलेजात कायमची नोकरी हवी असेल तर नुसतं चांगलं खेळून भागत नाही. फिजिकल डायरेक्टरच्या जागेसाठी बीपीएड, एमपीएड आणि वर नेट किंवा के-सेट (कर्नाटकची सेट) ही पात्रता परीक्षा लागते. जागा कमी निघतात. मधली काही वर्षं गेस्ट म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतील, हे घरी आत्ताच सांगून ठेव. कोचिंगची वाट वेगळी. भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, मग सी, बी, ए. सीपासून वर आशियाई महासंघाची मान्यता असते. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमाही चालतो. डी लायसन्स खेळत असतानाच करून टाक. तिथं पास कसा द्यायचा ते स्वतः करून दाखवावं लागतं, आणि पाय सवयीत असतात तेव्हाच ते सोपं जातं.

नोकरी सांभाळून कोचिंग जमेल का, असं वाटत असेल तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आठव. शाळामास्तर होते. त्यांच्या हाताखाली भारताची टीम १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथी आली, आणि १९६२ ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्ण घेऊन आली. ते फक्त कमजोर पायानं खेळायचे सामने भरवत. मी अजूनही आठवड्यातून एक दिवस तसं खेळवतो: उजव्या पोरानं उजवा पाय लावला की बॉल समोरच्यांना.

आता वही. पहिल्या दिवशी बॉल बाहेर काढायच्या आधी शंभर पानी वही उघड. एका पोराला एक पान. नाव मार्कशीटवर आहे तसंच, गाव, गावाला जाणारी शेवटची गाडी किती वाजता, घरी कोणती भाषा, बुटाचा नंबर, सकाळी काय खाऊन निघतो. मी पहिली दोन वर्षं सकाळी सहाला प्रॅक्टिस घ्यायचो आणि पोरं येत नाहीत म्हणून चिडायचो. खानापूरकडच्या खेड्यातलं पोरगं सहाला बेळगावात पोहोचणार कुठून? संध्याकाळी लांबवली तर, "सर, गाडी चुकते की." दोनदा गाडी चुकली की घरचे फुटबॉलच बंद करतात. तेव्हापासून चार ते साडेपाच सगळ्यांची प्रॅक्टिस, त्यानंतर फक्त गावातली पोरं. आणि चहा-बिस्किटावर आलेल्यांसाठी पिशवीत शेंगदाणे-गूळ कायम असतो.

भाषेचं का विचारायचं, तेही सांगतो. एका सामन्यात माझा गोलकीपर बैलहोंगलचा, स्टॉपर, म्हणजे त्याच्या पुढचा मधला बचावपटू, चंदगडचा. बाजूनं गोलसमोर उंच बॉल आला. कीपर ओरडला, "बिडु! बिडु!" म्हणजे सोड, मी घेतो. बेळगावच्या पोरानं सोडला असता. चंदगडच्या पोराला कन्नड येत नव्हतं. त्यानं उडी मारून डोकं लावलं आणि बॉल आमच्याच जाळ्यात. त्यात दोघांचीही चूक नव्हती. चूक माझी, मी शब्द ठरवून दिले नव्हते. आता पहिल्या आठवड्यात चारच हाका पाठ करून घेतो: 'कीपर' (मी घेतो), 'मागं' (मागून माणूस आला), 'टाइम' (वेळ आहे, घाई नको), 'सोड'. कन्नड पोरंही त्याच वापरतात, सामन्यात दुसरा शब्द चालत नाही. मात्र शिकवताना मी दोन्ही भाषांत सांगतो. तुला कन्नड येत नसेल तर शीक. त्याच्या भाषेत शाबासकी दिली की पोरगं वेगळं धावतं.

त्याच चंदगडच्या पोराचं पहिलं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं होतं. बारावी महाराष्ट्र बोर्डाची असली की मायग्रेशन आणि विद्यापीठाचं एलिजिबिलिटी सर्टिफिकेट लागतं. मी ते ऑगस्टपर्यंत विचारलंच नाही. सामन्याच्या दिवशी कागद अपुरे निघाले आणि तो किट घालून कट्ट्यावर बसला. सीमेपलीकडून येणारी पोरं आपल्याकडं दर वर्षी असतात, तेव्हा त्यांचे कागद ॲडमिशनच्या आठवड्यातच बघ. आधार आणि मार्कशीटवर नाव जुळतं का तेही बघ. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट पंचविसाची आहे.

मैदान आखायला माणूस मिळेल असं धरून चालू नकोस. नायलॉनची दोरी घे, सुती नको, ती भिजली की आखडते. तिला ५.५, ९.१५, ११ आणि १६.५ मीटरवर रंगीत चिंधी बांध. लहान बॉक्स, मधलं वर्तुळ, पेनल्टीचा ठिपका, मोठा बॉक्स, सगळं त्या एका दोरीवर निघतं. मग फक्की मारायला दोन पोरं पुरतात. हवा भरताना पिन ओली करून घाल. कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि नवा बॉल मंजूर व्हायला महिने जातात.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं तांबडा चिखल. जमिनीवरचा पास पाण्यात थांबतो, म्हणून त्या दिवसांत बॉल उचलून द्यायला आणि छातीवर घ्यायला शिकव. एप्रिल-मेच्या वळवात मात्र गडगडाट ऐकू आला की मैदान सोड, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत नाही. पाय मुरगळला तर चोळणाऱ्याकडं नेऊ नकोस. फडक्यातून पंधरा-वीस मिनिटं बर्फ, पाय उंच, आणि चार पावलं टाकता येत नसतील तर सरळ एक्स-रे.

वर्षातून एकदा पोरांना कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर ने. पेठांची टीम हरली की गल्ली जेवत नाही, ते त्यांनी डोळ्यांनी बघावं.

सगळ्यात अवघड काम टीम निवडायचं. यादी बोर्डावर लावायच्या आधी वगळलेल्या प्रत्येकाला एकट्याला बोलाव. "पुढच्या वेळी बघू" म्हणू नकोस. कशात कमी पडला ते एकच सांग, आणि त्याच्या पानावर तारीख घालून लिही. हे दुपारीच कर, प्रॅक्टिसच्या आधी. एकदा मी संध्याकाळी सांगितलं आणि तो पोरगा तसाच खानापूरच्या गाडीत बसून गेला, पुन्हा मैदानावर आलाच नाही. त्याचं पान माझ्याकडं अजून आहे. त्यावर गाव आहे, गाडीची वेळ आहे, बुटाचा नंबर सात आहे.