‘वाटतं’ या शब्दापाशी अडलेली शिकाऊ समुपदेशक

मी बारा वर्षं सदाशिव पेठेत दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. कुणी अडलं की त्याच्या हातातलं पेन घ्यायचं आणि पुढची पायरी लिहून द्यायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. चाळिशीत मानसशास्त्रात एम.ए. केलं, आता समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतेय, आणि या सवयीनेच मला सगळ्यात जास्त छळलंय.

पहिल्या सरावसत्राचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून सुपरव्हायजर मॅडमना दिलं. (क्लायंट झालेली माझी सहाध्यायीच होती. खऱ्या क्लायंटच्या गोष्टी अशा चारचौघांत सांगायच्या नसतात.) वीस मिनिटांत मी अकरा वेळा ‘मग तुम्ही असं करून बघा ना’ म्हणाले होते. प्रत्येकाखाली लाल रेघ. मी तपासायचे त्या वह्या अश्शाच दिसायच्या.

आम्हाला विवेकनिष्ठ मानसोपचार शिकवतात. १९५०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत मांडली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. घटना आणि भावना यांच्या मधोमध आपला विचार उभा असतो, तो आधी पकडायचा. फळ्यावर सोपं दिसतं. पण ‘मला वाटतं, मी नापास होणार’ हा विचार आणि ‘मला भीती वाटते’ ही भावना, दोन्हींना आपलं क्रियापद एकच! ‘तेव्हा काय वाटलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘वाटलं, संपलं सगळं.’ म्हणजे हाती लागला विचारच. आता मी दोन प्रश्न वेगळे करते. ‘तेव्हा मनात काय आलं?’ आणि ‘मग कसं व्हायला लागलं?’ दुसऱ्याला उत्तरं येतात ती पोटात गोळा आला, जीव घाबरा झाला, अशी. भावनेचा पत्ता तिथून लागतो.

एलिस यांना ‘असंच झालं पाहिजे’ हा जो अट्टहास खटकायचा, तो मात्र मराठीत एका अक्षरात सापडतो. पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहून ऐका: ‘यंदा पोस्ट निघालीच पाहिजे.’ त्यातला ‘च’ ऐकू यायला लागला की अर्धं काम झालं. पण तो लगेच खोडायला जायचं नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेला स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं, आधी. समोरच्याला आपण ऐकलं गेलोय असं वाटण्याआधी वाद घातला, तर तो पुढच्या वेळी येत नाही.

नव्याने येणाऱ्यांनी एवढं बघा. नुसत्या एम.ए.ने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. औषधं हा मनोविकारतज्ज्ञांचा प्रांत. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सला फी भरण्याआधी विचारा, सुपरव्हिजनचे, म्हणजे जाणकाराच्या देखरेखीखाली सरावाचे तास किती? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच ठेवा. गोपनीयता कुठे संपते, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विषय निघाला तर एकट्याने वाहायचं नाही, त्याच दिवशी सुपरव्हायजरना कळवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

गेल्या आठवड्यातल्या सत्रात लाल रेघा तीनच निघाल्या. एका ठिकाणी मी बराच वेळ गप्प होते. खरं सांगायचं तर काही सुचलंच नव्हतं. मॅडमनी तिथे बरोबरची खूण केलीय.