तेरेझीनचे संगीत पुण्यात वाजवायचे असेल तर

हिटलरच्या राजवटीने ज्यांचा जीव घेतला त्या संगीतकारांच्या रचना पुण्यात सादर करायच्या असतील, तर स्मृतिसभा न आखता मैफल आखावी आणि सुरुवातीला एकच रचना निवडावी. त्यासाठी चेक ज्यू संगीतकार गिडेऑन क्लाइनचे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचे त्रिकूट सोयीचे आहे, कारण त्याला तीनच वादक पुरतात. क्लाइनने ते तेरेझीन या चेक भूमीतील नाझी बंदिछावणीत ऑक्टोबर १९४४मध्ये पूर्ण केले आणि त्यानंतर नऊ दिवसांनी त्याची रवानगी ऑशवित्झच्या मृत्युछावणीत झाली.

आपल्याकडे बंदिश शिष्याच्या गळ्यात टिकते. तिथे मात्र वादक आणि श्रोतेही मारले गेल्यामुळे उरला तो कागदच, म्हणून कोणती प्रत वाजवायची हे आधी ठरवावे. तेरेझीनमधलाच दुसरा संगीतकार पावेल हास याच्या तंतुवाद्यवृंदासाठीच्या ‘स्टडी’ची मूळ स्वरलिपी हरवली, युद्धानंतर वाद्यवृंद-संचालक कारेल आंचेर्लला वादकांच्या सुट्या प्रती मिळाल्या, पण डबल बासचा भाग नव्याने रचावा लागला. अशा रचनेच्या छापील आवृत्तीची प्रस्तावना वाचल्याशिवाय तालीम सुरू करू नये.

हक्कांचा हिशेबही तेव्हाच करावा. भारतात स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे क्लाइन आणि हास यांच्या मूळ रचना आता मुक्त आहेत. पुनर्रचित भागाचे हक्क मात्र वेगळे असू शकतात. मुलांकडून हान्स क्रासाचे ‘ब्रुंडिबार’ हे बालसंगीतनाटक (ऑपेरा) करून घेण्याचा मोह होतो, पण त्याचे संहिताकार आडोल्फ हॉफमाइस्टर १९७३मध्ये वारले, म्हणून तिथे परवानगी लागेलच.

तालमीत सर्वाधिक वेळ क्लाइनच्या त्रिकुटाच्या मधल्या संथ भागाला द्यावा. तो मोराव्हियातील लोकगीतावरच्या रूपांतरांचा आहे, तेव्हा तिघांनीही ती धून आधी गाऊन पाहावी. शेवटचा भाग द्रुत आणि खेळकर आहे. संगीतकाराचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे वादक तो नकळत जड करतात, ते कटाक्षाने टाळावे.

पुण्याच्या कॅम्प भागातील माझदा हॉलसारख्या ठिकाणी माइकशिवाय वादन करावे. जोडीला चेक संगीतकार यानाचेकची एखादी रचना ठेवावी. हास त्याचा शिष्य होता आणि क्लाइनच्या त्रिकुटातही त्याची छाया जाणवते. निवेदन पाच मिनिटांत आटोपावे (पुण्यात हे कलम लेखी ठरवलेले बरे) आणि त्रिकूट छोटेच असल्याने मध्यंतरानंतर तेच पुन्हा वाजवावे.