ग्लास कॉकपिट बसवताय? या चुका टाळा

ग्लास कॉकपिट म्हणजे विमानातल्या काट्यांच्या घड्याळांऐवजी स्क्रीन. स्क्रीन पॅनेलमध्ये बसला, क्षितिज दिसलं, की काम झालं असं वाटतं. मग तक्रारी सुरू होतात. हेडिंग (नाकाची दिशा) भरकटतंय, उंची मागे पडतेय, ऑइल प्रेशर मनाला येईल तसं नाचतंय. शिव्या खातो बिचारा स्क्रीन, दोष मात्र बहुतेक वेळा मागच्या वायरींत आणि नळ्यांत असतो.

सगळ्यात जास्त घोळ मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून हेडिंग ठरवणाऱ्या सेन्सरचा. आरव्हीसारख्या (किटमधून हौशी लोकांनी बांधलेल्या) विमानांत तो बऱ्याचदा पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे बसवतात, कारण इंजिन आणि पॅनेलपासून तो लांब हवा. पण पंखाच्या टोकाला स्ट्रोब (लुकलुकणाऱ्या) लाइटच्या वायरीही येतात. त्यात कुणीतरी साध्या लोखंडी स्क्रूंनी तो बसवतो. स्क्रू पितळी घ्या, आणि चुंबकी टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर तिथे फिरकूच देऊ नका. लाइटचा करंट विमानाच्या सांगाड्यातून परत आणण्यापेक्षा वेगळी अर्थिंगची वायर टाका आणि दोन्ही वायरींना पीळ द्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात.

आता कॉकपिटमध्ये बसा. स्ट्रोब, लँडिंग लाइट, पिटो हीट (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या पिटो नळीचा हीटर) एकेक करून चालू-बंद करा, स्टिक टोकापासून टोकापर्यंत हलवा आणि हेडिंगवर डोळा ठेवा. आकडा सरकला तर कॅलिब्रेशनच्या (सेन्सरची चूक मोजून ती वजा करण्याच्या) नादी लागू नका. कॅलिब्रेशन कायमची चूक भरून काढतं, बटणागणिक बदलणारी नाही. जागा बदला किंवा वायरिंग सुधारा. आणि कॅलिब्रेशन हँगरमध्ये तर नकोच, तिथल्या काँक्रीटखाली लोखंडी सळ्या असतात.

टेलड्रॅगर (शेपटीखाली चाक असलेलं विमान) असेल तर शेपूट उचलून टेका, उत्पादकाने दिलेल्या संदर्भरेषेवर लेव्हल लावा आणि मगच पिच (नाक किती वर-खाली आहे तो कोन) शून्य करा. शेपूट जमिनीवर असताना केलेलं शून्य उड्डाणात नाक खाली दाखवतं.

स्टॅटिक लाइनची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळीची, गळती अंदाजाने पाहू नका. अमेरिकेच्या नियमांनुसार, दाबबंद केबिन नसलेल्या विमानात नळीतली हवा पंपाने खेचून अल्टिमीटर (उंचीमापक) १,००० फूट वर नेऊन पंप थांबवायचा, आणि एका मिनिटात घट १०० फुटांपेक्षा जास्त होता कामा नये. पिटोचं तोंड मोकळं ठेवून नुसत्या स्टॅटिक लाइनमधली हवा खेचली, तर एअरस्पीडचा काटा वर चढतो, आणि जास्त खेचली तर टोकाला जाऊन आपटूही शकतो. दोन्ही नळ्या जोडूनच चाचणी घ्या. सोडतानाही सावकाश.

राहिलं ऑइल प्रेशर. काही सेन्सरना ग्राउंड त्यांच्या आट्यांमधूनच मिळतं. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळली की तो जोड कच्चा होतो. लाइट लावल्यावर प्रेशर उडी मारतं का ते पाहा. मारत असेल तर लोड चालू ठेवून इंजिन ब्लॉक आणि ईएफआयएसच्या (पॅनेलमधल्या स्क्रीनच्या) ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा. मीटरवर ठळक व्होल्टेज दिसलं, तर सेन्सर बदलायला नाही, ग्राउंडचा पट्टा घासून घट्ट करायला घ्या.